ऊसपट्ट्यातलं शुभवर्तमान

आगिलारेस हे एल साल्वादोरच्या राजधानीपासून उत्तरेला तीसेक किलोमीटरवरचं गाव. भोवती जिकडे बघावं तिकडे ऊस, आणि तो दुसऱ्याचा. १९७०च्या दशकात इथल्या धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतल्या भागाच्या, हद्दीत ३०,०००च्या आसपास माणसं राहत होती. सपाटीची, पाण्याची जमीन पस्तीसेक हसिएंडांच्या, म्हणजे बड्या मळ्यांच्या ताब्यात. बाकीच्यांनी डोंगरउताराचा तुकडा खंडाने घ्यायचा, त्यात मका आणि घेवडा लावायचा, आणि हंगाम आला की कोयता घेऊन तोडीला जायचं. हंगाम सरला की पुन्हा उधारी. आपल्याकडचा साखरपट्टा ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना यापुढचं वेगळं सांगायला नको.

सप्टेंबर १९७२मध्ये रुतिलिओ ग्रांदे नावाचे जेझुइट या कॅथलिक पंथाचे फादर हा धर्मग्राम सांभाळायला आले. मूळचे तिथूनच जवळच्या एल पाइस्नालचे, म्हणजे गावचाच माणूस. पुढच्या साडेचार वर्षांत तिथे जे घडलं, त्यात लिबरेशन थिऑलॉजी म्हणजे काय हे जितकं स्पष्ट दिसतं तितकं ते ग्रंथांत दिसत नाही असं माझं मत आहे. गरिबांच्या सुटकेच्या बाजूने बायबल वाचणारं, मुक्तीचं हे धर्मशास्त्र आपल्याकडे पोचलं ते बहुतेक वादाच्या बातम्यांतून: पेरूचे गुस्ताव्हो गुतिएरेस आणि ब्राझीलचे लिओनार्दो बोफ हे धर्मशास्त्रज्ञ, मार्क्सचं वावडं असलेलं रोम. हे सगळं खरंच आहे. पण आधी ती बैठक घेण्याची एक रीत होती, पुस्तकं नंतरची. गुतिएरेस स्वतःच सांगत की धर्मशास्त्र ही दुसरी पायरी आहे. आधी गरिबांच्या बाजूला उभं राहून काही करावं लागतं, विचार त्यामागून येतो. गंमत अशी की त्यांच्या दुसऱ्या पायरीवर कपाटंच्या कपाटं भरतील एवढं लिहिलं गेलं, आणि पहिल्या पायरीवर नेमकं काय करायचं असतं हे विचारणारे थोडे.

ग्रांदे मोकळ्या हाताने आले होते असं नाही. ब्रसेल्सच्या लुमेन विते या संस्थेत ते शिकले होते, आणि आगिलारेसला येण्याआधी त्याच वर्षी एक्वाडोरच्या क्वीतो शहरात लॅटिन अमेरिकेतल्या धर्मगुरूंसाठी चालणाऱ्या प्रशिक्षणालाही जाऊन आले होते. रिओबांबाचे बिशप लिओनिदास प्रोआन्यो यांनी आदिवासी वस्त्यांमध्ये चालवलेलं काम त्यांनी तिथे पाहिलं. शिवाय ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांची साक्षरतेची पद्धत त्या काळात सगळ्या खंडभर पोचलीच होती. फ्रेरे यांनी १९६३मध्ये ब्राझीलच्या आंजिकोस गावात ३०० मजुरांना ४० तासांच्या शिकवणीत वाचायला-लिहायला शिकवल्याचं प्रसिद्ध आहे. बाराखडी घोटवून घेण्याऐवजी ते मजुरांच्या रोजच्या बोलण्यातला एखादा शब्द निवडत, समजा ‘वीट’. तो फोडून अक्षरं शिकवायची, आणि शिकवता शिकवता विटा कोण पाडतो, घर कुणाचं उभं राहतं, हेही बोलायचं. बायबलच्या बाबतीत हेच करून पाहायचं, एवढं ग्रांदे यांनी ठरवलं.

त्यासाठी धर्मग्रामाचे भाग पाडले, काही गावातले, बरेचसे वाड्या-वस्त्यांवरचे. फादर आणि त्यांच्यासोबतचे तरुण जेझुइट विद्यार्थी एकेका भागात पंधरा-पंधरा दिवस मुक्काम करत. मळ्याच्या मालकाकडे उतरायचं नाही, हा दंडक. मजुराच्या झोपडीत झोपायचं, त्याच्याकडे शिजेल ते खायचं. दिवसा घरोघरी फिरून कोण कुठे राबतं, किती मिळतं, आजारपण काय, देणं किती, याची विचारपूस करायची. संध्याकाळी माणसं कामावरून परतली की शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला, एक उतारा घ्यायचा. जमलेल्यांचे आठ-दहा जणांचे गट पाडायचे. ज्याला वाचता येतं त्याने मोठ्याने वाचायचं, सावकाश, एकापेक्षा जास्त वेळा, कारण बहुतेकांना अक्षरओळख नसायची आणि कानावर पडलेलंच लक्षात ठेवायचं असायचं. मग गटात बोलणं, आणि शेवटी प्रत्येक गटातल्या एकाने सगळ्यांपुढे सांगणं. पंधरवडा सरत आला की लोकांनी आपल्यातूनच काही जण निवडायचे. त्यांना म्हणत वचनाचे, म्हणजे बायबलच्या वचनाचे, प्रतिनिधी. फादर पुढच्या वस्तीला गेले तरी दर आठवड्याची बैठक या प्रतिनिधींनी चालू ठेवायची. दोन-तीन वर्षांत असे शेकडो स्त्री-पुरुष तयार झाले.

यातली खरी नवलाई समजायला आधीची स्थिती ठाऊक हवी. लॅटिन अमेरिकेतल्या खेड्यात फादर वर्षाकाठी एक-दोनदा यायचे, सणाची मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, बाप्तिस्मे, लग्नं उरकायचे आणि जायचे. बायबल घरात नसायचंच. दुःख ही देवाची इच्छा, सोसलं तर स्वर्ग, ही शिकवण अंगात मुरलेली. त्या माणसाला कोणी विचारलंच नव्हतं की बाबा, या उताऱ्यात तुला काय दिसतं?

बैठकीचा सांगाडा मूळचा बेल्जियमचा. जोसेफ कार्डाइन या धर्मगुरूंनी १९२०च्या दशकात कारखान्यातल्या तरुण कामगारांसाठी तीन पायऱ्या आखल्या: पाहा, पारखा, करा. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१च्या परिपत्रकात त्यांना मान्यता दिली, आणि १९६८मध्ये कोलंबियातल्या मेदेयीन शहरात लॅटिन अमेरिकेचे बिशप जमले तेव्हा त्यांनी आपले दस्तऐवजसुद्धा याच क्रमाने लिहिले: आधी वस्तुस्थिती, मग चिंतन, मग काय करायचं ते. विषमतेला ‘संस्थात्मक हिंसा’ म्हणण्याचं धाडस त्यांनी तिथेच केलं. म्हणजे आगिलारेसच्या ओसरीत कंदिलाच्या उजेडात जे चाललं होतं त्याला वरून आशीर्वाद होता, निदान कागदावर.

वाचायला तीन पायऱ्या सोप्या वाटतात, पण प्रत्येक पायरीवर घसरायला होतं.

‘पाहा’ या पायरीवर आठवड्यात वस्तीत काय घडलं ते सांगायचं असतं, आणि ते नेमकं. ‘गरिबी वाढली आहे’ हे चालत नाही. कुणाचं मूल जुलाबाने गेलं, वजनकाट्यावर किती ऊस भरला आणि मुकादमाने किती लिहिला, खंडाचा दर यंदा किती चढला, हे हवं. ही पायरी दोन तऱ्हांनी फसते. एक, नुसती रडकथा होते आणि माणसं आली तशी जड मनाने घरी जातात. दुसरी तऱ्हा जास्त घातक: शहरातून आलेला शिकलेला कार्यकर्ता लोकांचं ऐकायच्या आधीच तयार विश्लेषण समोर ठेवतो. भांडवल, परावलंबन, साम्राज्यवाद. लोक मान हलवतात, कारण शिकलेल्यापुढे मान हलवायची त्यांना सवयच असते. फादरांनी प्रवचन द्यायचं आणि लोकांनी ऐकायचं हा जुना प्रकार, नुसता शब्दांचा झगा बदलून, परत येतो.

‘पारखा’ म्हणजे त्या घटनेशेजारी उतारा ठेवून वाचणं. ब्राझीलमध्ये आयुष्य काढलेले डच कार्मेलाइट फादर कार्लोस मेस्तेर्स सांगत की या वाचनाला तीन गोष्टी लागतात: पुस्तक, समूह आणि जगणं. यातली एक निसटली तरी डोलारा कोसळतो. जगणं निसटलं की पाठांतर उरतं. समूह नसेल तर ज्याच्या त्याच्या मनाची भक्ती होते. आणि पुस्तक बाजूला पडलं तर जी सभा होते ती कोणताही पक्ष घेऊ शकतो, त्यासाठी चर्चची गरज नाही. उतारे कोणते, तर निर्गम ३, जिथे देव मोशेला सांगतो की माझ्या लोकांची विपत्ती मी पाहिली, त्यांचा आक्रोश ऐकला. लूक ४, नासरेथच्या सभास्थानातलं येशूचं वाचन. मरियेचं स्तोत्र, ज्यात अधिपती आसनांवरून खाली येतात आणि धनवान रिकाम्या हाताने परत जातात. मत्तय २५, भुकेल्याला अन्न देण्याचा हिशेब. आणि याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय: ज्यांनी तुमची शेतं कापली त्यांची तुम्ही दाबून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. ऊसतोड मजुराला या वचनावर भाष्यकाराची गरज काय? तो म्हणणार, हे इथलंच आहे.

इथे मला एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. हे उतारे निवडून घेतलेले आहेत, आणि निवड नेहमी सोयीची असते. निर्गमाची कथा इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटेपर्यंत वाचली तर मुक्तीची आहे. पुढे यहोशवाच्या पुस्तकापर्यंत वाचत गेलं तर सुटलेले लोक कनानमध्ये शिरून तिथल्या लोकांची गावं घेतात. अमेरिकेतल्या मूळनिवासी विचारवंतांनी आणि पॅलेस्टिनी ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस हेच विचारलं: आम्ही या गोष्टीत इस्राएल नाही, आम्ही कनानी आहोत, आम्ही काय वाचायचं? लॅटिन अमेरिकेच्या भूमीवर, जिथे वचनदत्त देशाचा दाखला देत स्पॅनिश लोक उतरले होते, हा प्रश्न आधीच सुचायला हवा होता.

तिसरी पायरी ‘करा’. बैठकीच्या शेवटी काय करायचं, कुणी, कधीपर्यंत, हे ठरतं आणि पुढची बैठक त्याच्या जाब-जबाबाने सुरू होते. सुरुवातीला लहान कामं घ्यायची असा शहाणपणाचा नियम: विहीर साफ करणं, आजाऱ्याच्या शेतात एक दिवस सगळ्यांनी राबणं, रात्रीचा साक्षरतावर्ग. लहान काम जमलं की विश्वास येतो. मोठ्यालाच हात घातला आणि फसलं की पुढच्या बैठकीला निम्मी माणसं येत नाहीत. पण लहान कामांची एक हद्द असते. विहीर साफ होते, पाणी मळ्याकडेच वळतं. कधी ना कधी मजुरीचा प्रश्न येतोच. आगिलारेसमध्ये तो आठ महिन्यांत आला.

ला काबान्या हा तिथला साखर कारखाना. २४ मे १९७३ रोजी तिथल्या १,६०० कामगारांनी काम बंद केलं, कारण कबूल केलेली वाढ हातात पडली नव्हती. धर्मग्रामाने हा संप पुकारलेला नव्हता. पण पुढे होते त्यांत वचनाचे प्रतिनिधी होते, आणि मालकांना तेवढं पुरे होतं. काही तासांत वाढीचा काही भाग मिळाला. त्या दिवसापासून ग्रांदे यांच्याभोवती दोन संशय फिरू लागले: मालकांचा, की हा पाद्री लोकांना चिथावतो, आणि कार्यकर्त्यांचा, की हा पाद्री अर्ध्यावरच थांबतो.

दुसरा संशय मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण पद्धतीचं मर्म तिथे उघडं पडतं. एल साल्वादोरमध्ये शेतमजुरांना संघटना करायला कायद्यानेच बंदी होती. फेक्कास नावाची ख्रिस्ती शेतकऱ्यांची संघटना होती, ती १९७०च्या दशकाच्या मध्यावर आगिलारेसच्या पट्ट्यात झपाट्याने वाढली. वाढली कशी? बैठक चालवायला शिकलेली, चारचौघांत बोलायला शिकलेली, शब्द दिला की पाळणारी माणसं तिला तयार मिळाली. सकाळी मिस्सेतलं वाचन करणारा तोच माणूस संध्याकाळी संघटनेचा पुढारी. ग्रांदे यांचं म्हणणं असं की धर्मग्राम कोणत्याही संघटनेशी लग्न लावू शकत नाही, पण लोकांच्या भल्याच्या राजकारणाकडे पाठही फिरवू शकत नाही. तत्त्व म्हणून हे उत्तम. रोजच्या व्यवहारात ही रेघ ओढायची कुठे? संघटनेच्या मोर्चाची हाक मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारात द्यायची का? त्यांच्याच हाताखालचे काही तरुण जेझुइट विद्यार्थी पूर्ण वेळ संघटनेत उतरले, आणि यावरून धर्मग्रामाच्या आतच ताण पडला. जी बैठक सगळ्यांसाठी होती तिच्यात आता संघटनेतले आणि संघटनेबाहेरचे अशी दोन बाकं झाली. त्यातच ओर्देन या सरकारधार्जिण्या दलाचे खबरे वस्तीवस्तीत होते, आणि खबऱ्या हा परका नसतो, शेजारीच असतो.

डिसेंबर १९७६मध्ये ठिणगी पडली. सेरोन ग्रांदे धरणाच्या पाण्याखाली जमिनी गेल्या होत्या, विस्थापित कोलीमा मळ्यावर जाब विचारायला गेले, आणि त्या गोंधळात मळ्याच्या मालकांपैकी एक जण गोळी लागून मेला. मळेवाल्यांच्या संघांनी वर्तमानपत्रांत पानपान जाहिराती देऊन थेट जेझुइटांना दोषी ठरवलं.

पुढल्या जानेवारीत शेजारच्या आपोपा धर्मग्रामाचे कोलंबियन फादर मारिओ बेर्नाल यांना सरकारने देशाबाहेर काढलं. १३ फेब्रुवारी १९७७ रोजी आपोपात निषेधाची मिस्सा झाली. तिथलं ग्रांदे यांचं प्रवचन आजही वाचण्यासारखं आहे. बायबल या देशाच्या हद्दीवर अडवतील, ते म्हणाले, आत येईल ते नुसतं पुठ्ठ्याचं वेष्टन, कारण आतली सगळी पानं यांच्या लेखी बंडखोर. येशू गालिलीतून आला तर त्यालाही इथे आपोपातच अटक होईल. आणि मग देवाचं राज्य कसं असतं हे सांगताना त्यांनी एक टेबल उभं केलं: सगळ्यांना पुरेल एवढं लांब, वर लांबलचक चादर, प्रत्येकाला आपलं स्टूल, आणि प्रत्येकाच्या पानात भाकरीसोबत कोरड्यास. नुसती भाकरी कशीबशी मिळतेच, मजुराला खरी वाण असते ती तोंडीलावण्याची. मुक्तीवर लिहिलेल्या पुष्कळ जाडजूड ग्रंथांना हे कोरड्यास सुचलेलं नाही.

महिनाभरात, १२ मार्चला, संध्याकाळच्या मिस्सेसाठी आगिलारेसहून एल पाइस्नालला जाताना उसाच्या रानातल्या रस्त्यावर त्यांची गाडी गोळ्यांनी चाळण झाली. सोबतचे ७२ वर्षांचे मानुएल सोलोर्सानो आणि किशोरवयीन नेल्सन रुतिलिओ लेमुस हेही मारले गेले. मागे बसलेली लहान मुलं वाचली. १९ मे रोजी लष्कराने आगिलारेसला वेढा घातला. मोहिमेचं नावच ‘ऑपरेशन रुतिलिओ’. उरलेल्या जेझुइटांना हद्दपार केलं, चर्चची बराक केली, पवित्र भाकर जमिनीवर विखरून टाकली. बायबल किंवा ग्रांदे यांचा फोटो घरात सापडणं हा पुरावा ठरू लागला.

हीच ती गोष्ट जी पद्धतीच्या पुस्तिकांत लिहिलेली नसायची. तिसरी पायरी चढलेल्या माणसाचं रक्षण कोण करणार? चर्च माणसाला उभं करू शकत होतं. झाकू शकत नव्हतं. शहरातल्या धर्मगुरूच्या मागे निदान पंथ होता, परदेशी वकिलाती होत्या; वचनाच्या प्रतिनिधीच्या मागे त्याची झोपडी. मारले गेलेल्यांत फादरांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, प्रतिनिधींची नाहीत.

निकाराग्वाच्या सोलेंतिनामे बेटांवर हीच बैठक दुसऱ्या वाटेने गेली. कवी-धर्मगुरू एर्नेस्तो कार्देनाल यांच्याकडे मासेमारी आणि शेती करणारे लोक रविवारी शुभवर्तमानावर जे बोलत ते टेपवर उतरवून ठेवलं जाई. ऑक्टोबर १९७७मध्ये त्यांच्यातल्याच तरुणांनी सान कार्लोसच्या लष्करी ठाण्यावर सशस्त्र हल्ला केला. नॅशनल गार्डने नंतर वस्ती उद्ध्वस्त केली. ज्याला हे पटतं त्याला पटतं, ज्याला नाही त्याला नाही. माझं म्हणणं इतकंच की दोन्ही ठिकाणी कायदेशीर दरवाजे आधी बंद झाले होते, आणि ही गोष्ट वगळून ‘बायबलमधून बंदूक निघाली’ असं म्हणणं अर्धवट आहे.

ग्रांदे यांचा खून झाला तेव्हा ओस्कार रोमेरो यांना सान साल्वादोरचे आर्चबिशप होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. सौम्य, पुस्तकी, सत्ताधाऱ्यांना न बोचणारे म्हणून निवडलेले. ग्रांदे त्यांचे मित्र. रोमेरो यांनी २० मार्चच्या रविवारी सगळ्या महाधर्मप्रांतातल्या मिस्सा रद्द केल्या आणि कॅथेड्रलसमोर एकच मिस्सा ठेवली. पोपच्या राजदूताचा विरोध असताना. एक लाखाच्या आसपास माणसं आली. चौकशी होईपर्यंत सरकारी समारंभाला जाणार नाही असं जाहीर केलं आणि पाळलं. पण त्यांचं मोठं काम मला दिसतं ते रेडिओवर. दर रविवारचं त्यांचं प्रवचन चर्चच्या वायएसएएक्स केंद्रावरून देशभर ऐकू जायचं, कधी दीड तास, कधी त्याहून जास्त. त्यात वाचनावरचं चिंतन असे, धर्मप्रांताच्या बातम्या असत, आणि मग आठवड्याच्या घटना: कोणत्या गावात कोणाला उचललं, कोणाचं प्रेत कुठे सापडलं, नाव-गाव-तारखेसह. ही माहिती आर्चबिशपच्या आधाराने चालणाऱ्या कायदेमदत केंद्रातले तरुण वकील घरच्यांच्या जबान्या घेऊन पडताळत. सेन्सॉर झालेल्या वर्तमानपत्रांत जे नव्हतं ते इथे होतं. चुकीचं काही सांगितलं गेलं असेल तर पुढच्या रविवारी दुरुस्ती होई. नीट पाहिलं तर आगिलारेसच्या ओसरीतली ‘पाहा’ ही पायरीच रेडिओवर चढली होती. केंद्रावर पुनःपुन्हा बॉम्ब टाकले गेले यात नवल नाही. २३ मार्च १९८०च्या प्रवचनात रोमेरो यांनी सैनिकांना सांगितलं की आपल्याच शेतकरी भावांना मारण्याचा हुकूम पाळायला तुम्ही बांधील नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्सा चालवत असताना त्यांना गोळी घातली. २०१८मध्ये ते संत झाले. ग्रांदे, सोलोर्सानो आणि लेमुस यांना जानेवारी २०२२मध्ये धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं.

रोमच्या वादाबद्दल थोडक्यात. १९८४मध्ये व्हॅटिकनमधल्या कार्डिनल राट्झिंगर यांच्या श्रद्धाविषयक विभागाने मार्क्सवादी विश्लेषण न पारखता उचलल्याबद्दल कडक इशारा दिला, १९८५मध्ये बोफ यांना मौन पाळायला लावलं. १९८६च्या दुसऱ्या निवेदनाचा सूर बदललेला होता, आणि त्याच वर्षी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ब्राझीलच्या बिशपांना लिहिलं की मुक्तीचं धर्मशास्त्र उपयुक्त आणि आवश्यक आहे. इशाऱ्यात तथ्य होतं का? थोडं होतं. वर्गसंघर्ष हाच एक चश्मा लावला की बाई, रंग, दारू, नवऱ्याची मारहाण हे दिसत नाही.

आणि नेमकं तेच महागात पडलं. ब्राझीलच्या शहरांच्या कडेच्या वस्त्यांत १९८०च्या दशकात अभ्यासकांना दिसलं की अगदी गरीब माणूस बैठकीतून उठून पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या, प्रार्थनाघरात जातो आहे. कारणं घरगुती होती. बैठकीत वाचावं लागतं, बोलावं लागतं, पुस्तिका पुढे येते. अडाणी माणूस तिथे आणखी अडाणी ठरतो. नवरा मारतो हे बाईने शेजाऱ्यांच्या बैठकीत सांगितलं तर सकाळी नळावर तीच चर्चा. पेंटेकोस्टल घरात ती रडू शकते, दोष सैतानाला देता येतो, नवऱ्याची दारू सुटली तर घरात पगार येतो. तिथला पास्टर त्याच गल्लीतला, बैठकीचा मार्गदर्शक मात्र दुसऱ्या भाषेत विचार करणारा. चर्चने गरिबांची निवड केली आणि गरिबांनी पेंटेकोस्टलांची, असं तिकडे उपहासाने म्हणतात ते उगाच नाही.

मग ही रीत भारतात का रुजली नाही? अगदीच रुजली नाही असं नाही. पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात जॉर्ज सोअरेस-प्रभू यांनी बायबलचं वाचन इथल्या गरिबीच्या शेजारी ठेवून शिकवलं. केरळचे धर्मशास्त्रज्ञ सेबास्टियन काप्पेन, सॅम्युएल रायन यांनी लिहिलं. जेझुइट फादर स्टॅन स्वामी यांनी १९७०-८०च्या दशकांत बंगळूरच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटमध्ये कार्यकर्ते घडवले आणि पुढे रांचीजवळच्या ‘बगईचा’मधून तुरुंगात खितपत पडलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांची पाहणी केली, म्हणजे पुन्हा पहिली पायरीच. भीमा कोरेगाव प्रकरणात अटक होऊन ते तळोजा तुरुंगात होते, आणि ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात कोठडीतच त्यांचा मृत्यू झाला. मुंबईच्या महाधर्मप्रांतात १९८०च्या दशकापासून लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठका होतात. सांगाडा तोच, दहा-पंधरा घरं, एक उतारा, थोडं बोलणं. जिथे ‘पाहा’ ही पायरी गाळली जाते तिथे जपमाळ, आजाऱ्याची भेट आणि नाताळची तयारी यावर ती थांबते. त्यातही शेजारधर्म आहेच, पण ती वेगळी वस्तू झाली.

मोठी अडचण मात्र निराळी आहे. आगिलारेसच्या वस्तीत ओसरीवर बसलेले सगळे एकाच दर्जाचे होते, सगळेच कोयतेवाले. शेजार म्हणजे समान माणसं, हे त्या बैठकीने गृहीत धरलं होतं. आपल्या गावात शेजारच मुळी जातीने आखलेला आहे. तमिळनाडूत एकाच चर्चच्या दोन दफनभूमी आहेत. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातींच्या यादीतून बाहेर पडतो, आणि चर्चच्या आत गेल्यावर जात काही सुटत नाही. बैठक सगळ्यांची घेतली तर खालच्या अंगाला बसलेले गप्प राहतात. एकाच वाड्याची घेतली तर बोलतात, पण मग सगळ्या समूहाचा दावा उरत नाही.

१९८१मध्ये दलित धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मल यांनी बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधल्या व्याख्यानात हे पहिल्यांदा ठणकावून मांडलं, आणि पुढे चेन्नईच्या गुरुकुल महाविद्यालयात दलित धर्मशास्त्राचा विभाग सांभाळला. त्यांचं म्हणणं, भारतातल्या धर्मशास्त्रज्ञांनी आधी ब्राह्मणी वेदान्ताशी सोयरीक जुळवली आणि नंतर लॅटिन अमेरिकेकडून वर्ग उचलला. जात दोन्हीकडे राहिली. मग त्यांनी बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा २६वा अध्याय उघडला. ‘माझा बाप भटका अरामी होता’ असं म्हणत इस्राएली माणूस तिथे आपल्या पूर्वजांची कहाणी सांगतो: इजिप्त, छळ, सुटका, दूध-मधाचा देश. निर्मल विचारतात, माझा पूर्वज अरामी तरी होता का? तो गावाबाहेर होता, त्याला ना नाव ना भटकण्याची मुभा, आणि सुटकेनंतर वाट पाहत बसलेला कोणताही देश नव्हता. तेव्हा माझा देव राजासनावरचा नाही. यशया ५३ मधला, तिरस्कारलेला, सेवा करणारा, झाडूवाल्या-धोब्याची कामं करणारा तो देव. आणि हे धर्मशास्त्र दलितांनीच करायचं, इतरांनी तूर्त बाहेर थांबावं. या शेवटच्या अटीवर दलित धर्मशास्त्रज्ञांच्या पुढच्या पिढीतच भांडण आहे: इतरांना किती काळ बाहेर ठेवायचं, दलितांतल्या बायांचं वेगळं म्हणणं कुणी मांडायचं, आणि दलितांतल्याच दोन जातींची बैठक एकत्र घ्यायची का. भांडण अजून चालू आहे.